कमी दिवसांच्या बाळाचे कान



मुदतीआधी जन्मलेल्या मुलाला ऐकू येत नाही, हे आपल्याकडे पुष्कळदा ते दोन-अडीच वर्षांचे झाल्यावर कळते. मग दोष यंत्राला दिला जातो. रुग्णालयात मशीन नव्हते, किंवा होते पण चालवणारे कोणी नव्हते. हे बऱ्याचदा खरेही असते. पण उद्या प्रत्येक प्रसूतिगृहात मशीन आले, तरी यातली काही मुले निसटतीलच असे माझे म्हणणे आहे. कारण या मुलांच्या प्रत्येक उशिराला घरात, शेजारात आणि दवाखान्यातही एक उत्तर तयार असते. मान उशिरा धरली, कमी दिवसांचे आहे. हाकेला वळत नाही, कमी दिवसांचे आहे. वर्ष झाले तरी ‘आई’ म्हणत नाही, तर कमी दिवसांचे आहे, वेळ लागणारच. हे उत्तर दहापैकी नऊ वेळा बरोबर ठरते, म्हणून दहाव्या वेळीही कोणाला ते खटकत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचे न ऐकणे निदान शंका तरी जागवते. कमी दिवसांच्या बाळाचे न ऐकणे त्याच्या कमी दिवसांआड लपून राहते. म्हणून या मुलांच्या कानांची चाचणी एकदा करून भागत नाही. ती ठरलेल्या दिवशी दुसऱ्यांदा व्हायला हवी, आणि तो दिवस कोणता व ते काम कोणाचे, हे मीरा-भाईंदर शहराने ठरवायला हवे. आजचे व्याख्यान एवढ्या एकाच मुद्द्यासाठी आहे.

सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यक अकाली जन्मलेले म्हणते. 2020 साली जगात अशी 1 कोटी 34 लाख बाळे जन्मली आणि त्यांतली 30 लाखांहून अधिक एकट्या भारतात, म्हणजे आपल्याकडच्या शंभर जन्मांमागे साधारण तेरा. एके काळी यांतली अगदी लहान बाळे जगतच नसत, त्यामुळे त्यांना ऐकू येईल का हा प्रश्नही कोणाला पडत नसे. फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध आले, नाकातून हवेचा हलका दाब देणारे सीपॅप आले, आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवण्याची कांगारू पद्धत आली, आणि हजार-बाराशे ग्रॅमची बाळे घरी जाऊ लागली. हे यश मोठे आहे आणि त्याची किंमत उणावण्याचा माझा हेतू नाही. मात्र बाळाला जगवले की पुढच्या प्रश्नांची जबाबदारीही आपल्याकडे येते.

आधी कानाचे पाहू. गर्भ चोवीस-पंचवीस आठवड्यांचा होईतो आतल्या कानातला शंखासारखा भाग, कॉक्लिया, कामाला लागलेला असतो. अठ्ठावीस ते तीस आठवड्यांच्या सुमारास आवाजाला मेंदूच्या देठातून मिळणारा प्रतिसाद यंत्रावर टिपता येतो. म्हणजे सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ ऐकण्याची यंत्रणा घेऊन येते, पण त्या यंत्रणेच्या तारा अजून ओल्या असतात. मज्जातंतूंवरचे आवरण चढायचे असते आणि संदेशांचा वेग वाढायचा असतो. ही वाढ आईच्या पोटात व्हायची असते, जिथे उंच पट्टीचे आवाज गाळले जातात आणि आईचा आवाज हाडांतून, पाण्यातून, खालच्या सुरात पोहोचतो. त्याऐवजी ती इन्क्युबेटरच्या काचेच्या पेटीत होते. तिथे मॉनिटरचा गजर आहे, पंपाची घरघर आहे, पेटीचे दार लावल्याचा ठोका आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1997 साली नवजात कक्षातला आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये असे सांगितले. 45 डेसिबल म्हणजे शांत घरातली हलकी कुजबुज आणि साधे बोलणे यांच्या मधली पातळी. गजबजलेल्या कक्षात ती पाळणे फार अवघड जाते.

पण फक्त आवाजाने कान गेला असे सहसा होत नाही. या बाळांच्या बाबतीत अनेक गोष्टी एकमेकींवर चढतात. श्वास पुरत नसल्याने रक्तातला प्राणवायू खाली-वर होत राहतो. कावीळ होते. अकाली जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला बिलिरुबिनच्या अशा पातळीनेही इजा होऊ शकते, जी पूर्ण दिवसांचे बाळ सहन करून जाते, आणि ऐकण्याच्या मार्गावरची मेंदूतली केंद्रे या विषाला विशेष हळवी असतात. ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण या बाळांसाठी तो धोक्याचा आहे. जंतुसंसर्ग होतो, कधी मेंदूज्वरापर्यंत जातो. आईला गरोदरपणी सायटोमेगॅलो विषाणूची लागण झाली असेल तर जन्मताना ठीक असलेला कान पुढे काही महिन्यांत किंवा वर्षांत उतरू शकतो. आणि मग येतात जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके आणि जोडीला फुप्फुसातले पाणी उतरवणारे फ्युरोसेमाइड.

या औषधांबद्दल पालकांमध्ये बोलले जाते ते निम्मे खरे असते. ‘इंजेक्शनांनी कान घालवला’ हे वाक्य मोठ्या माणसांच्या क्षयरोगावरील जुन्या उपचारांच्या बाबतीत पुष्कळदा खरे होते. नवजात बाळांत मोजून-मापून दिलेल्या थोड्या दिवसांच्या जेंटामायसिनने फार मोठे नुकसान होते असा ठाम पुरावा नाही. धोका वाढतो तो दिवस लांबले, मात्रा चढली, मूत्रपिंडे कच्ची असली, सोबत फ्युरोसेमाइड असले, किंवा बाळाच्या अंगी एक विशिष्ट आनुवंशिक दोष असला तर. हा दोष आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएमध्ये असतो आणि त्याच्यामुळे एखाद्या मात्रेनेही कान जाऊ शकतो. मँचेस्टरमध्ये बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूने कापूस फिरवून अर्ध्या तासाच्या आत तो दोष ओळखणारी चाचणी वापरून पाहिली गेली आणि 2022 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती आपल्याकडे सर्रास येईल तेव्हा येईल. तोवर रक्तात जंतू फिरत असलेल्या बाळाला प्रतिजैविक न देणे म्हणजे त्याला मरू देणे. तेव्हा या गोष्टीत खलनायक शोधू नये. डॉक्टरांनी जे केले ते करायलाच हवे होते. प्रश्न ते केल्यानंतर कानाकडे कोणी पाहिले का, एवढाच आहे.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत सांगायचा तर असा: सर्वसाधारण नवजात बाळांत हजारी एक-दोघांना कायमचा श्रवणदोष असतो, आणि अतिदक्षता कक्षात राहून आलेल्या बाळांत हेच प्रमाण शंभरात दोन ते चार सांगितले जाते. म्हणजे दहा-वीस पट.

आता चाचण्या. 1978 साली लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी दाखवून दिले की निरोगी कान फक्त आवाज घेत नाही, तो अतिशय क्षीण आवाज बाहेरही टाकतो. कॉक्लियातल्या बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी हलतात, त्यांचा तो पडसाद. कानात छोटी गुंडी बसवून हा पडसाद टिपणे म्हणजे ओएई चाचणी. ती काही मिनिटांत होते, स्वस्त पडते, आणि शिबिरांमध्ये, खासगी प्रसूतिगृहांमध्ये हीच केली जाते. दुसरी चाचणी आपण बेरा या नावाने ओळखतो. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानामागे चकत्या चिकटवतात, कानात हलके ठोके सोडतात आणि मेंदूच्या देठापर्यंत संदेश गेला का हे तपासतात. तिची स्वयंचलित आवृत्ती पडद्यावर सरळ ‘पास’ किंवा ‘रेफर’ दाखवते. गाडी भाईंदरच्या फलाटाला लागली एवढेच ओएई सांगते. ती खाडी ओलांडून नायगावला पोहोचली का, हे बेरा सांगते.

पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाच्या बाबतीत पहिली माहिती बहुधा पुरते, कारण तिथे दोष असलाच तर तो बहुतेक वेळा कॉक्लियातच असतो. कमी दिवसांच्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. काही अकाली जन्मलेल्या आणि न जगलेल्या बाळांच्या आतल्या कानाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी शाबूत आणि आतल्या रांगेतल्या नष्ट झालेल्या आढळल्या. प्राणवायूची तूट आणि तीव्र कावीळ यांचा मार आतल्या पेशींवर, श्रवणतंतूवर किंवा त्यापुढच्या मार्गावर पडतो. अशा बाळाची ओएई चाचणी ‘पास’ येते आणि बाळाला बोलणे समजत नाही. 1996 साली अमेरिकेतील अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला श्रवणतंतूचा विकार असे नाव दिले. म्हणूनच अमेरिकेच्या शिशुश्रवण संयुक्त समितीने 2007 साली सांगून ठेवले की अतिदक्षता कक्षात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची चाचणी बेरा पद्धतीनेच करावी. ब्रिटनमध्ये अशा बाळांच्या दोन्ही चाचण्या करतात. आपल्याकडे मात्र या बाळाच्या हाती ओएईचा कागद ठेवून ‘कान चांगले आहेत’ असे सांगितले जाण्याची शक्यता बरीच असते, आणि तो कागद काहीच तपासणी न होण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. तपासणी झाली नसती तर आईला शंका घ्यायला जागा राहिली असती.

ही चाचणी फार लवकर करण्यातही अर्थ नाही. गर्भवयाच्या चौतीस आठवड्यांआधी बेराचे उत्तर भरवशाचे नसते. म्हणजे ती पेटीतल्या धावपळीत करायची नसून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी, बाळ स्थिर असताना करायची. ठरावीक वेळेचा जगभर मानला गेलेला क्रम सोपा आहे: महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. फार आधी जन्मलेले बाळ पहिला महिना रुग्णालयातच काढते, त्याच्या बाबतीत पहिली पायरी घरी सोडतानाची.

आता घराकडे येऊ. बहुतेक घरांत ऐकण्याची परीक्षा घेतलेली असते, फक्त आपल्या पद्धतीने. मागून टाळी वाजवली, ताटावर चमचा आपटला, दार आदळले, आणि बाळ दचकले. आजी म्हणते, ऐकू येते. बाळ दचकले हे खरे, पण ताटाचा आवाज बोलण्याच्या कितीतरी वर असतो, शिवाय टाळीची हवा लागते, दाराचा हादरा पाळण्यातून जातो. मध्यम श्रवणदोष असलेले बाळ या परीक्षेत हमखास उत्तीर्ण होते. वरच्या पट्टीतले ऐकणे गेले असेल, आणि औषधांचा मार आधी तिथेच बसतो, तर बाळाला स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. स, श, त, ख, थ हे वर्ण त्याच्यापर्यंत येत नाहीत. ते ‘ये’ला वळते, ‘बस’ आणि ‘बघ’ त्याला सारखेच. आई म्हणते, ऐकते पण लक्ष देत नाही. आणखी एक फसगत आहे. पहिल्या काही महिन्यांत न ऐकणारी बाळेही हुंकार देतात, गुं-गुं करतात. ‘बोलायला लागलाय की’ असे म्हणून घर निश्चिंत होते. बा-बा, मा-मा अशी अक्षरांची माळ सहा-सात महिन्यांनंतर सुरू व्हायची, ती रेंगाळते, आणि तिथे आपले तयार उत्तर पुन्हा हजर होते: कमी दिवसांचे आहे.

या उत्तरामागे शास्त्रही आहे, म्हणून ते खोडायला अवघड जाते. अकाली जन्मलेल्या मुलाचे वय दोन प्रकारे मोजतात. जन्मतारखेपासूनचे एक, आणि जितके आठवडे आधी आले तितके वजा करून धरलेले दुसरे. मान, बसणे, चालणे यांना दुसरे वय लावायचे, हे बालरोगतज्ज्ञ पालकांना शिकवतात आणि ते बरोबर आहे. दहा आठवडे आधी आलेले नऊ महिन्यांचे बाळ वागण्यात साडेसहा महिन्यांचे असणार. पण ही सवलत वागण्याची आहे, कानाची नाही. कान आणि मेंदूचा देठ यांची चाचणी या वजाबाकीची वाट पाहत नाही. घराला ही सवलत सगळीकडे लागू आहे असे वाटते, आणि सहा महिन्यांची थांबाथांब दीड वर्षांची होते.

लवकर कळून खरेच फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे. 1998 साली क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी कोलोरॅडोतल्या 150 श्रवणदोष असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 72 मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, 78 जणांचा त्यानंतर. पहिल्या गटाची भाषा स्पष्टपणे पुढे होती. त्यावर आक्षेप आला की लवकर निदान होणारी घरे आधीच जागरूक असतात, मग श्रेय चाचणीचे की घराचे? आक्षेप योग्य होता. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळाले. तिथे काही राज्यांत सर्व नवजात बाळांची चाळणी आधी सुरू झाली, काहींत नंतर, त्यामुळे निदान कधी झाले हे घराच्या जागरूकतेपेक्षा पत्त्यावर अवलंबून राहिले. 450हून अधिक मुलांचा तिथे वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला, आणि पाचव्या वर्षी ज्यांना श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट लवकर मिळाले त्यांची भाषा सरस निघाली, विशेषतः दोष जितका तीव्र तितका फरक मोठा. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अकाली जन्मलेल्या मुलांत सेरेब्रल पाल्सी किंवा दृष्टिदोष सोबत असू शकतो, आणि अशा मुलांत लवकर निदानाचा लाभ इतक्या ठसठशीतपणे मोजता आलेला नाही. पण लाभ मोजायला अवघड आहे म्हणून तो नाही असे होत नाही. ज्या मुलाची एक वाट आधीच अडली आहे, त्याची दुसरी वाट उघडी आहे का हे पाहणे उलट जास्त निकडीचे ठरते.

दुसरा आक्षेप बहिऱ्या समाजातून येतो: न ऐकणे हा रोग आहे असे धरूनच तुम्ही चाळणी करता. हे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. मुंबईत माझगावला 1880च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांनी देशातली मूकबधिरांची पहिली शाळा काढली. त्यानंतर कितीतरी दशके खुणांची भाषा म्हणजे शेवटचा नाइलाज असे मानून मुलांवर बोलणे लादले गेले. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र उभे राहायला 2015 साल उजाडले. पण लवकर निदान हे सांकेतिक भाषेच्या विरुद्ध पक्षात बसत नाही. यंत्र लावायचे, इम्प्लांट करायचे की हातांनी बोलायचे, हा निर्णय आईवडिलांनी घ्यायचा तर त्यांना कळायला हवे, आणि वेळेत कळायला हवे. भाषा कानातून येवो वा डोळ्यांतून, पहिली दोन वर्षे कोणत्याच भाषेशिवाय गेली तर नुकसान दोन्हीकडे होते. आज होते ते हेच.

मग आपल्याकडे व्यवस्था नाही का? आहे, आणि तिचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा व्हायला आणखी दीड वर्ष होते. या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचार करणारे केंद्र आहे. त्याआधी 2007च्या सुमारास बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रमही आलेला होता. शिवाय पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983पासून वाणी आणि श्रवणाचे काम करते आहे. भाईंदर पश्चिमेच्या सार्वजनिक रुग्णालयाला तर पंडित भीमसेन जोशींचे नाव आहे. म्हणजे ऐकण्याच्या बाबतीत या शहराला योजनांची आणि नावांची उणीव नाही.

उणीव आहे ती सीमांवर. मीरा-भाईंदरमधले अकाली जन्मलेले बाळ बहुधा मीरा-भाईंदरमध्ये पेटीत राहत नाही. ते कांदिवलीला, परळला, कधी ठाण्याला जाते. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे एक महापालिका, पलीकडे दुसरी. त्या रुग्णालयाने घरी सोडताना चाचणी केली तर तिचा कागद आईच्या पिशवीत राहतो, इथल्या आरोग्य केंद्रापर्यंत येत नाही. जिल्ह्याचे केंद्र ठाण्याला, आणि तान्ह्या बाळाला घेऊन घोडबंदर रस्त्याने जाणे म्हणजे काय, हे या सभागृहाला सांगायला नको. त्यात पहिले बाळंतपण माहेरी. माहेर राजापूरला, जौनपूरला, भावनगरला किंवा पालीला. बाळ तीन महिन्यांनी परत येते तेव्हा ‘पुन्हा तपासायला या’ ही तारीख उलटून गेलेली असते. आणि भाड्याचे घर अकरा महिन्यांच्या कराराचे. पत्ता बदलतो, फोनही बदलतो. जगभरच्या अनुभवात चाळणी अपयशी होते ती बहुतेक याच टप्प्यावर: ‘रेफर’ आलेली मुले परत येत नाहीत. यंत्राची चूक फार थोडी, पत्त्याची फार.

डोळ्याचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. अकाली जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाचा विकार महिनाभरात तपासला नाही तर अंधत्व येऊ शकते. तामिळनाडूतल्या एका सरकारी रुग्णालयात 1996 साली जन्मलेल्या मुलीची ही तपासणी झाली नाही, आणि 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे 1 कोटी 80 लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. अशा निकालानंतर डिस्चार्जच्या कागदावर डोळ्याच्या तपासणीची तारीख ठळक न लिहिणे कोणत्याही रुग्णालयाला परवडणारे नाही. कानाची तारीख लिहिण्याचा असा धाक कोणाला नाही. अंधत्व लगेच दिसते आणि त्याचा दिनांक ठरवता येतो. बहिरेपणा हळूहळू उघड होतो, आणि तोवर तयार उत्तराने दोन वर्षे खाल्लेली असतात. न्यायालयाच्या भीतीने शहाणपण यावे हे मला फारसे भूषणावह वाटत नाही, पण तारीख लिहिली जाते हे महत्त्वाचे.

आता शहराचा हिशेब. 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाख 9 हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी साधारण 15 धरला तर वर्षाला बाराएक हजार जन्म. देशाचे तेरा टक्क्यांचे प्रमाण लावले तर पंधराशेच्या आसपास अकाली जन्म, आणि त्यांतली बत्तीस आठवड्यांआधीची, म्हणजे खरोखर जोखमीची, सातात एक धरली तरी दोन-सव्वादोनशे. लोकसंख्या आज वाढली आहे, त्यामुळे हा अंदाजच. पण त्याचा आवाका पाहा. त्या दोन-सव्वादोनशे आणि इतर कारणांनी अतिदक्षता कक्षात राहिलेल्या काही शे बाळांपैकी कायमचा श्रवणदोष असलेली मुले वर्षाला दहा-पंधराच्या घरात निघतील. आकडा लहान आहे म्हणूनच तो कोणाच्या अहवालात दिसत नाही. आणि आकडा लहान आहे म्हणूनच प्रत्येक मुलाचा नावानिशी माग ठेवणे शक्य आहे. बारा हजार बाळांच्या दारी जायला महापालिकेकडे माणसे नसतील. काही शे बाळांच्या यादीला एक वही आणि एक जबाबदार परिचारिका पुरते.

मग दुसऱ्या चाचणीचा दिवस कोणता? माझे उत्तर: गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस. तो नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, जन्मतारखेपासून मोजून, कमी दिवसांची वजाबाकी न करता. योगायोगाने जोखमीच्या बाळांची दुसरी, सविस्तर श्रवणतपासणी नवव्या महिन्यापर्यंत व्हावी असेच अमेरिकेच्या त्या शिशुश्रवण संयुक्त समितीच्या 2019च्या शिफारशीतही आहे. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यांचे डोस बाळ माहेरी घेते, पण नवव्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळे शहरात परतलेली असतात, आणि लसीला मात्र येतात. त्या दिवशी परिचारिकेने फक्त दोन गोष्टी विचारायच्या. बाळ पेटीत होते का? असेल तर घरी आल्यानंतर कानाची चाचणी झाली का? झाली नसेल तर माता-बालक कार्डावर शिक्का आणि वांद्र्याची किंवा ठाण्याची तारीख. चाचणी तिने करायची नाही, ती ऑडिओलॉजिस्टचे काम आहे. या वयात बाळ आवाजाच्या दिशेला वळले की खेळणे उजळते अशी तपासणीही करता येते, आणि गरज पडली तर झोपेत बेरा. ज्यांचे ऐकणे जन्मानंतर उतरत गेले, त्यांना पकडण्याची जागाही हीच. पहिल्या चाचणीत पास झालेल्यांनाही म्हणूनच वगळायचे नाही.

कामाचा बोजा वाढेल, हा आक्षेप येणारच. दोन प्रश्न हा बोजा आहे, मान्य. पण केरळात एर्नाकुलमला बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2003पासून याहून अवघड काम केले. प्रत्येक रुग्णालयाला यंत्र घेणे परवडत नाही म्हणून एक प्रशिक्षित व्यक्ती एक यंत्र घेऊन वेगवेगळ्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी जायची, खासगी असोत वा सरकारी. मीरा रोड ते उत्तन हा पल्ला त्या मानाने लहान आहे. खोट्या धोक्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. जन्मल्या जन्मल्या कानात मळ, पाणी असते, त्यामुळे निरोगी बाळाचेही ‘रेफर’ येते, आणि ज्या आईने महिनाभर पेटीच्या काचेतून बाळ पाहिले तिला ‘ऐकू येत नसावे’ असे सांगणे क्रूर आहे. म्हणून तसे सांगू नये. ‘कान आज नीट तपासता आले नाहीत, अमुक तारखेला पुन्हा तपासू’ हे वाक्य खरेही आहे आणि सुसह्यही. श्रवणतंतूच्या विकारात तर थांबण्याला वैद्यकीय कारण आहे. काही अकाली बाळांचा बेरा मेंदू पिकत जातो तसा महिन्यांत सुधारतो, म्हणून इम्प्लांटची घाई तिथे कोणी करत नाही. पण तारीख लावून थांबणे आणि नुसते थांबणे यांत पुष्कळ अंतर आहे.

शेवटची अडचण कायद्यातली. दिव्यांगांच्या 2016च्या कायद्यात दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलपर्यंतचा दोष म्हणजे ऐकू कमी येणे आणि 70पासून पुढे बहिरेपणा. इम्प्लांटसाठी दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मदत आहे, वयाच्या अटीसह. पण 45 किंवा 50 डेसिबलचा दोष असलेले बाळ, जे व्यंजने गमावते आणि ताटाच्या आवाजाला मात्र वळते, ते प्रमाणपत्राच्या अलीकडे राहते. त्याला यंत्र हवेच असते, आणि या वयात कान भराभर वाढत असल्याने यंत्राचा कानातला साचा दर दोन-तीन महिन्यांनी नवा करावा लागतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. प्रमाणपत्राची वाट न पाहता, ऑडिओलॉजिस्टच्या अहवालावर, तीन वर्षांखालील मुलांच्या यंत्रांचा आणि साच्यांचा खर्च त्या निधीतून देता येईल असा ठराव मीरा-भाईंदर महापालिकेच्या महासभेने करावा. हिशेब लहान आहे: वर्षाला दहा-पंधरा मुले, आणि एका मुलाचे पहिल्या वर्षातले चार-सहा साचे.